पेल्यातला गुलाब कुणी ठेवला?

फुलं आणि मध घालून केलेली, मग काही महिने लाकडी पिंपात मुरवलेली फार्महाऊस एल पेल्यात ओतली, की चवीच्या आधी वास पुढे येतो. नाक काठाशी नेताच गुलाब दरवळतो. त्याच्या मागोमाग पिकलेलं केळं, लवंगेची चुणूक आणि अगदी तळाशी व्हॅनिला. बनवणाऱ्याला विचारावं तर तो सांगतो, यात गुलाबाची एक पाकळीसुद्धा नाही. केळं, लवंग, व्हॅनिला यांतलंही काही नाही. फुलं घातली आहेत ती कॅमोमाइलची, म्हणजे शेवंतीच्या कुळातली. बाकी जवाचं माल्ट, थोडा गहू, हॉप्स, मध, पाणी आणि यीस्ट.

मग गुलाब आला कुठून?

प्रश्न वरकरणी बिअरचा आहे. पण त्याचा माग काढत निघालं, की आपण फुलांपाशी, मधमाश्यांच्या पोळ्यापाशी, गांधीलमाश्यांच्या पोटात आणि सह्याद्रीच्या उतारावर फुलणाऱ्या एका लाल झुडपापाशी जाऊन पोचतो. या वाटेवरचे बरेच मुक्काम हडपसर, मांजरी आणि मुंढव्याच्या पंचक्रोशीत लागतात, हे तर आणखी नवल.

उष्णतेला न भिणारं यीस्ट

बेल्जियमच्या दक्षिणेला फ्रेंच बोलणारा वालोनिया आहे. तिथल्या एनो प्रांतातले शेतकरी हिवाळ्यात, शेताची कामं थंडावली की, घरच्या धान्याची बिअर करून ठेवत. उन्हाळ्यात कापणीला येणाऱ्या मजुरांची तहान त्या साठ्यावर भागे, असं सांगतात. करायची हिवाळ्यातच, कारण उन्हाळ्यात हवेतले जिवाणू तिचा ताबा घेऊन ती नासवत. महिनोन्महिने टिकायला हवी म्हणून हॉप्सचा हात सढळ, आणि साखर जवळजवळ न उरलेली. हंगामी मजुरांच्या या कोरड्या, फेसाळ बिअरला ‘सेझाँ’ म्हणतात. आज जगभर ‘फार्महाऊस एल’ म्हणून जे काही बनतं, त्यातलं पुष्कळसं या सेझाँच्या वंशातलं.

एनोमधल्या तूर्प गावी एका शेतावर १८४४ पासून बिअर बनते आहे. १९२० मध्ये ते शेत आणि तिथली ब्रुअरी द्यूपाँ कुटुंबाकडे आली. सेझाँ म्हटलं की जाणकारांच्या डोळ्यांपुढे येते ती यांचीच बाटली. तिथलं यीस्ट मोठं चमत्कारिक आहे. लागर बिअरचं यीस्ट साधारण ८ ते १२ अंश सेल्सिअसला काम करतं, बहुतेक एल १८ ते २२ अंशांना. त्याच्यावर पारा चढला, की बहुतेक यीस्ट जहाल, नाकाला झोंबणारे वास सोडू लागतं. सेझाँचं यीस्ट मात्र तिशी ओलांडल्यावरच खुलतं, आणि त्या उष्णतेत फळांचे, मसाल्याचे वास तयार करतं. एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणाऱ्या पुण्याला याहून सोयीचं यीस्ट कोणतं?

यातल्या अनेक जातींत एसटीए-१ नावाचं जनुक असतं. त्याच्या जोरावर यीस्ट एक विकर बाहेर सोडतं. माल्टमधल्या ज्या लांब साखळीच्या शर्करा इतर यीस्टला पचत नाहीत, त्या हे विकर तोडून देतं. त्यामुळे सेझाँत गोडवा उरत नाही आणि जिभेवर गोडव्याचा पडदा नसल्याने वास मोकळे होतात. गुलाबाला पुढे यायला वाट अशी मिळते. पण तो येतो कुठून, हे अजून राहिलंच.

पंख नसलेल्याची युक्ती

माल्टमध्ये प्रथिनांचे सुटे घटक असतात, त्यांतला एक फेनिलअॅलॅनिन. यीस्टला वाढण्यासाठी त्यातला नायट्रोजन हवा असतो. तेवढा काढून घेतला, की उरलेल्या सांगाड्याचं रूप बदलून यीस्ट तो पेशीबाहेर टाकतं. बाहेर टाकलेला तो पदार्थ म्हणजे फेनिलएथिल अल्कोहोल. गुलाबपाण्याला जो वास येतो, तो मुख्यतः याचाच. जर्मन रसायनशास्त्रज्ञ फेलिक्स एअरलिश यांनी १९०७ मध्ये यीस्टची ही वाट उलगडून दाखवली. म्हणजे गुलाबाच्या झाडाकडे आणि पिंपातल्या यीस्टकडे एकच रेणू आहे, दोघं तो आपापल्या घरी बनवतात.

केळ्याचंही तसंच. तो वास आयसोअमाइल अॅसिटेटचा, आणि तोही यीस्टनेच केलेला. लवंगेची चुणूक धान्याच्या सालातून येते. सालात फेरुलिक आम्ल असतं, त्याचं रूपांतर यीस्ट व्हिनाइल ग्वायकॉलमध्ये करतं. कॅमोमाइलची खरी फुलं पिंपात आहेतच, त्यांचा सफरचंदासारखा वास आहे. पण पेल्यातला बहुतेक दरवळ फुलांनी दिलेला नसतो. तो एका पेशीच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बुरशीने रचलेला असतो.

बुरशीला फुलाचा वास कशाला हवा?

याचं उत्तर एका अपघाताने सापडलं. बेल्जियममधल्या लूव्हेन विद्यापीठात केव्हिन व्हर्स्ट्रेपन यीस्टच्या गंधांवर काम करत होते. गंध घडवणारं एक जनुक त्यांनी काही यीस्टमधून काढून टाकलं होतं. शेजारच्या प्रयोगशाळेतल्या फळमाश्या निसटून त्यांच्या चंबूंपाशी आल्या. ज्या यीस्टला वास होता त्या चंबूत माश्या शिरल्या, वास काढून घेतलेल्या यीस्टकडे त्यांनी ढुंकून पाहिलं नाही. पुढे त्याचा रीतसर प्रयोग झाला आणि २०१४ मध्ये ‘सेल रिपोर्ट्स’ या नियतकालिकात निबंध आला. एटीएफ-१ हे ते जनुक. ते शाबूत असलेल्या यीस्टकडे माश्या ओढल्या जातात आणि त्याच्या पेशी अंगावर घेऊन दुसरीकडे पसरवतात, हे त्यातून दिसलं.

यीस्टला पाय नाहीत, पंख नाहीत, छत्रीच्या अळंबीसारखे वाऱ्यावर उधळायचे बीजाणूही नाहीत. एका फळातली साखर संपली, की पुढच्या फळापर्यंत जायचं कसं? कुणाच्या तरी अंगावर बसून. २०१२ मध्ये इटलीतल्या संशोधकांनी दाखवलं, की गांधीलमाश्यांच्या आतड्यात बिअरचं आणि पावाचं यीस्ट हिवाळाभर सुखरूप राहतं. राणीमाशी वसंतात अळ्यांना भरवते, तेव्हा ते पुढच्या पिढीच्या पोटात जातं. द्राक्षं पिकेपर्यंत ही ये-जा चालू राहते. फुलातल्या मकरंदातही यीस्टच्या जाती राहतात. त्या एका फुलातून दुसऱ्या फुलात जातात त्या मधमाशीच्या आणि भुंग्याच्या तोंडाला लागून.

फूल आणि यीस्ट यांचं नातं लांबचं, पण दोघांचं गिऱ्हाईक एकच आहे: कीटक. फुलाला पराग पोचवायचे असतात, यीस्टला स्वतःला पोचायचं असतं. म्हणून दोघांच्या दारात दरवळ सारखा. आपण पेला नाकाशी नेतो, तेव्हा माणसासाठी कधी पाठवलाच नव्हता असा सांगावा आपल्या हाती लागतो. कीटक आणि फुलांचा व्यवहार दहा कोटी वर्षांहून जुना आहे. आपलं नाक त्यात फार उशिरा आलं.

त्यातही केळ्याच्या वासाची गोष्ट विलक्षण आहे. आयसोअमाइल अॅसिटेट हाच रेणू मधमाशीच्या धोक्याच्या इशाऱ्यातला मुख्य घटक आहे, हे १९६२ मध्ये सिद्ध झालं. माशी डंख मारते तेव्हा नांगीजवळच्या ग्रंथींतून तो सुटतो आणि पोळ्यावरच्या बाकीच्या माश्या त्याच ठिकाणी चाल करून येतात. फळमाशीला ‘ये’ म्हणणाऱ्या वासांतला एक वास मधमाशीला ‘तुटून पड’ म्हणतो. मध घातलेल्या बिअरमध्ये तो आपल्याला नुसता पिकल्या केळ्याची आठवण करून देतो.

मध गोडी वाढवत नाही

मध घातला म्हणजे बिअर गोड लागणार, असं कुणालाही वाटेल. घडतं नेमकं उलट. माल्टमधल्या शर्करांचा बराच भाग साध्या यीस्टला न पचणारा असतो, तो मागे उरतो आणि बिअरला अंग देतो. मध जवळजवळ सगळा ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचा, यीस्ट तो चाटूनपुसून संपवतं. म्हणून माल्टच्या काही भागाऐवजी मध घातला, की बिअर हलकी आणि कोरडी होते. मागे राहतो तो मधाचा वास, आणि त्या वासात मधाचं गाव असतं.

महाबळेश्वरच्या जांभळाच्या मधाला गडद रंग आणि तुरट, कडसर झाक असते. त्याच डोंगरावर हिरड्याचा मध वेगळा, गेळ्याचा वेगळा. कारवी तर सात-आठ वर्षांतून एकदाच फुलते. त्या वर्षी डोंगर जांभळे होतात आणि पेट्यांमध्ये कारवीचा मध भरतो. तो पुन्हा हवा असेल तर पुढच्या फुलोऱ्याची वाट पाहायची. हा मध गोळा करणारी आपली देशी माशी म्हणजे सातेरी, शास्त्रीय भाषेत एपिस सेराना. कड्यांवर आणि उंच इमारतींच्या सज्जांखाली मोठं उघडं पोळं लावते ती आग्या. झुडपात तळहाताएवढं पोळं बांधते ती फुलोरी. या माश्यांच्या अभ्यासासाठी आणि पालनाच्या प्रशिक्षणासाठी केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था १९६२ पासून पुण्यातच आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं मांघर २०२२ मध्ये देशातलं पहिलं ‘मधाचं गाव’ म्हणून जाहीर झालं.

मकरंदाचा मध होतो, ही क्रिया बिअर करण्याच्या नेमकी उलट आहे. मकरंद हे साखरेचं पातळ पाणी. असंच ठेवलं तर एक-दोन दिवसांत आंबेल. माशी त्यात इन्व्हर्टेज हे विकर मिसळते, साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन तुकडे करते, मग पोळ्यात पंखांनी वारा घालून पाणी उडवत राहते. पाणी वीस टक्क्यांच्या खाली आलं की त्यात काही वाढू शकत नाही. मधातलं यीस्ट मरत नाही, निपचित पडतं. ओलाव्याने मधात पाणी वाढलं की तो फसफसायला लागतो, हे घरी मधाची बाटली उघडी राहिलेल्या प्रत्येकाने पाहिलं आहे. माशीने जिवापाड मेहनतीने थांबवलेलं आंबवण माणूस पाणी घालून पुन्हा सुरू करतो. एक कामकरी माशी आयुष्यभरात चहाच्या चमच्याच्या बाराव्या हिश्शाएवढा मध करते, असा सर्वसाधारण अंदाज आहे. पिंपात ओतलेल्या एका किलोमागे किती माश्यांची आयुष्यं असतील, याचा हिशेब ज्याने त्याने मनात करावा.

म्हणूनच चांगला ब्रुअर मध उकळत नाही. उकळला तर सगळा सुवास वाफेबरोबर जातो. आंबवणाचा पहिला जोर ओसरला, बुडबुडे मंदावले, की मध घालायचा, म्हणजे सुटणारा कार्बन डायऑक्साइड वास ओढून नेत नाही. फुलंही अशीच शेवटी पडतात.

मध आंबवण्याच्या कलेचं पुण्यात स्वतंत्र घर आहे. रोहन रेहानी आणि नितीन विश्वास यांनी उभारलेली मूनशाइन मीडरी मधापासून मीड बनवते. त्यात कॉफी आली, सफरचंद आलं, ओक लाकडाच्या संगतीत ठेवलेलं सफरचंदी मीडही आलं. नाशिकला योगिनी बुधकर आणि अश्विनी देवरे यांनी आपल्या मीडचं नावच सातेरीच्या शास्त्रीय नावावरून ‘सेराना’ ठेवलं. मध, फूल आणि लाकूड ही सांगड बेल्जियम-अमेरिकेची मक्तेदारी नाही, हे या दोन्ही ठिकाणी दिसतं. पण आपल्याकडे ती याहून फार आधीपासून आहे.

धायटीची करामत

बाळंतिणीसाठी घरात दशमूलारिष्टाची बाटली आली नाही असं मराठी घर विरळा. ते कडसर, तपकिरी औषध आंबवलेलं असतं, आणि त्यात गूळ, मध, मनुका यांच्याबरोबर फुलं असतात. ती धायटीची.

धायटी म्हणजे संस्कृतातली धातकी, शास्त्रीय नाव वुडफोर्डिया फ्रुटिकोजा. सह्याद्रीच्या उघड्या उतारांवर, रस्त्याच्या कडेला, दरडींवर वाढणारं हे झुडूप. हिवाळा सरता सरता फांद्यांना खालपासून वरपर्यंत लाल नळीदार फुलं लगडतात. शिंजीर पक्षी आणि मधमाश्या मकरंदासाठी त्यांवर तुटून पडतात. फुलं सुकली तरी लाली टिकवून धरतात. आयुर्वेदातली आसवं आणि अरिष्टं, ज्यांना संधान-कल्पना म्हणतात, त्यांच्या बहुतेक पाठांत धायटी असतेच. शार्ङ्गधरसंहितेने तर प्रमाण सांगितलेलं नसेल तेव्हा वापरायचा ठोकताळाही दिला आहे: गुळाच्या निम्मा मध, आणि धायटीसारख्या प्रक्षेप द्रव्यांचा दहावा भाग. तूप चोळलेल्या मडक्यात हे मिश्रण घालून तोंड लिंपायचं आणि धान्याच्या राशीत पुरून ठेवायचं, म्हणजे ऊब सारखी राहते. पुढे औषधं मोठ्या प्रमाणावर बनू लागली. पनवेलला १८७२ मध्ये धूतपापेश्वर आलं, पुण्यात १९३५ मध्ये आयुर्वेद रसशाळा. या व्यवसायात मडक्याची जागा मोठ्या लाकडी पिंपांनी घेतली. तयार आसवात साधारण ५ ते १० टक्के अल्कोहोल आपोआप निर्माण झालेलं असतं. ते औषध आहे, वैद्याच्या सल्ल्याने चमच्याने घ्यायचं. पण फूल, मध, धान्याची ऊब आणि लाकूड यांचं गणित त्या फार्महाऊसवाल्या शेतकऱ्याच्या गणिताशी किती जुळतं!

धायटी नेमकं काय करते? तिच्या पाकळ्यांवरून यीस्ट येतं आणि तेच आंबवतं, असा समज पूर्वापार आहे. ‘जर्नल ऑफ एथ्नोफार्माकॉलॉजी’त १९९३ मध्ये निंबारिष्टावरचा एक अभ्यास आला, त्यात याहून मजेशीर गोष्ट दिसली. त्या अभ्यासात फुलं हा यीस्टचा स्रोत ठरला नाही. तरीही फुलं घातली की अल्कोहोल स्पष्ट वाढत होतं. कारण सुकलेल्या फुलांतही इन्व्हर्टेज शाबूत होतं. ते साखर फोडून सोपी करून देतं, आणि मग यीस्ट, ते कुठूनही आलेलं असो, जोमाने कामाला लागतं.

इन्व्हर्टेज म्हणजे तेच विकर, जे माशी मकरंदात मिसळते. पोळ्यात जे काम माशी करते, ते पिंपात फूल करतं. इतकी शतकं वैद्यांनी धायटी टाळली नाही, ती त्यांच्या अनुभवाच्या बळावर. रसायनशास्त्राने त्या अनुभवाची एक बाजू उजेडात आणली, एवढंच.

लाकूड गप्प बसत नाही

ओकचं पिंप म्हणजे नुसतं भांडं नव्हे. वाइनसाठी वापरलं जाणारं बोर्दो पद्धतीचं पिंप २२५ लिटरचं असतं. फळ्या वाकवताना त्या आतून शेकतात. त्या शेकात लाकडातल्या लिग्निनचं व्हॅनिलिन होतं, म्हणून पेल्याच्या तळाशी व्हॅनिला. ओकमधल्या लॅक्टोनमुळे नारळाचा वास येतो, टॅनिनमुळे तुरटपणा. लाकडाच्या सूक्ष्म छिद्रांतून अगदी थोडा ऑक्सिजन महिनोन्महिने झिरपत राहतो. स्टीलच्या टाकीत हे होत नाही.

आणि लाकडात वस्ती असते. १९०४ मध्ये कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत नील्स ह्येल्टे क्लाउसेन यांनी इंग्लंडच्या मुरवलेल्या बिअरमधून एक यीस्ट वेगळं केलं आणि ब्रिटनवरून त्याला ब्रेटॅनोमायसिस नाव दिलं. हे यीस्ट सावकाश काम करतं. लाकूड शेकताना सुटणारी सेलोबायोज ही साखर साध्या यीस्टच्या उपयोगाची नसते, याच्या काही जाती तीही खातात, म्हणून रिकाम्या पिंपात ते तग धरून राहतं. पहिल्या यीस्टने जी लवंग घडवली, तिचं हे यीस्ट रूप बदलतं. व्हिनाइल ग्वायकॉलचं एथिल ग्वायकॉल होतं, आणि लवंगेच्या जागी धूर, चामडं, गोठ्यातलं वाळकं गवत असे वास येतात.

त्याची दुसरी करामत मला जास्त थक्क करते. फुलातला सगळा सुगंध मोकळा नसतो. बराचसा साखरेच्या रेणूला जखडलेला असतो, आणि जखडलेल्या सुगंधाला वास नसतो. या यीस्टच्या काही जातींकडे ती गाठ सोडणारं विकर असतं. म्हणजे ब्रुअरने फुलं घातली, वास आला, विरला. काही महिन्यांनी लाकडाच्या अंधारात, फुलं कधीच गाळून टाकलेली असताना, त्यांचा उरलेला सुगंध सुटा होतो. फुलाच्या मृत्यूनंतर त्याचा वास जन्मतो.

हडपसरची पंचक्रोशी

मुठेच्या उजव्या कालव्याने हडपसरला एके काळी ऊस आणि भाजीपाला दिला. आज त्या शेतांवर मगरपट्टा आणि अमनोरा आहेत. शेती मागे सरली, पण साखर, फूल आणि यीस्ट यांच्याशी असलेलं नातं तुटलं नाही. मांजरी बुद्रुकला वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे. १९७५ मध्ये सुरू झालेली ही संस्था उसाबरोबर अल्कोहोल आणि आंबवणाचंही शास्त्र शिकवते. सोलापूर रस्त्याला मांजरी फार्मवर राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र आहे. मुंढवा-मांजरी रस्त्याला पुष्पविज्ञान संशोधन संचालनालय आहे. काही किलोमीटरच्या परिघात साखर, द्राक्ष आणि फूल, तिन्हींवर राष्ट्रीय पातळीचं काम चालतं.

बिअरही लांब नाही. २००९ मध्ये मोहम्मदवाडी-उंड्रीच्या बाजूला कोरिंथियन्स क्लबमध्ये डूलाली सुरू झाली. देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी ही एक. पाच वर्षांनी मुंढव्यात इंडिपेंडन्स ब्रुइंग कंपनी आली. बाटलीतल्या एकसारख्या लागरपलीकडे बिअर असते, गहू, मसाले, फळं यांनी तिची चव फिरते, हे पुणेकरांच्या जिभेला इथे कळलं.

आणि हडपसरलाच सीरम इन्स्टिट्यूट. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेची हिपॅटायटिस बी प्रतिबंधक लस यीस्टकडून बनवून घेतली जाते. विषाणूच्या आवरणातल्या एका प्रथिनाचं जनुक हॅन्सेन्युला पॉलिमॉर्फा या यीस्टमध्ये बसवतात. यीस्ट वाढतं आणि ते प्रथिन घडवत जातं, मग ते वेगळं काढून शुद्ध करतात. २०२३ मध्ये बाजारात आलेल्या सर्व्हाव्हॅक या गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरच्या लसीमागेही हेच यीस्ट आहे. बिअरच्या यीस्टचं ते दूरचं भावंड. एक पेशी, जिला आपण ऊब, साखर आणि सूचना देतो आणि जी बदल्यात गुलाब देते किंवा बाळाला दीर्घकाळचं संरक्षण देते. हडपसरमध्ये या दोन्ही गोष्टी एकमेकींच्या शेजारी घडतात, याचं मला कायम अप्रूप वाटतं.

घोट कसा घ्यावा

ही बिअर समजून घ्यायला चार घोट पुरतात. फार थंड नको. बर्फगार केली की वासाचे रेणू द्रवातून उठतच नाहीत. फ्रिजमधून काढून थोडा वेळ बाहेर ठेवावी. पेला वर निमुळता असावा आणि अर्धाच भरावा, म्हणजे वर वास साठायला जागा राहते.

आधी नुसता वास घ्यावा. पहिल्यांदा पुढे येतात ते यीस्टचे वास: केळं, गुलाब, लवंग. पेला हलवून पुन्हा नाक न्यावं, आता फूल आणि मध. मग छोटा घोट घेऊन तो तोंडात फिरवावा आणि गिळल्यावर नाकाने श्वास सोडावा. चव म्हणून आपण जे ओळखतो, त्यातलं पुष्कळ या मागच्या वाटेने, घशातून नाकात जाणाऱ्या वासाने कळतं. या क्षणी मध सापडतो, आणि तोही गोडी नसलेला. जीभ कोरडी, नाकात मात्र जांभळाचं झाड. शेवटी तुरटपणा उरतो तो लाकडाचा, आणि पेला कोमट होत गेला की गोठा, चामडं आणि जखडलेल्या सुगंधातली आणखी काही फुलं.

हे सगळं माहीत नसतानाही बिअर चांगली लागते. माहीत झाल्यावर एका घोटाला किती जणांचे हात लागले आहेत ते उमगतं. माणसाचं काम त्यात सगळ्यांत शेवटचं आणि सगळ्यांत थोडं: ऊब सांभाळणं, वेळेवर मध घालणं आणि घाई न करणं.

इथली एल

फार्महाऊस एलचा जीव तिच्या शेतात असतो. तूर्पची बिअर तूर्पच्या धान्यात आणि तूर्पच्या यीस्टमध्ये असते. तिची नक्कल हडपसरला करून फारसं हाती लागणार नाही, पण तिची रीत उचलता येईल. बेल्जियमचे शेतकरी जवाबरोबर स्पेल्ट हा टरफलाचा जुना गहू वापरत. आपल्याकडे सातारा-सांगलीचा खपली गहू आहे. फुलं धायटीची. मध सातेरीचा, आणि ज्या वर्षी कारवी फुलेल त्या वर्षी कारवीचा. यीस्ट सह्याद्रीतल्या एखाद्या फुलाच्या मकरंदातून वेगळं काढलेलं. ते ओळखायला आणि जपून ठेवायला पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहेच. पुण्याच्या उन्हाळ्यात थंडाव्याचा खर्च न करता आंबू शकेल, अशी बिअर त्यातून होईल.

यातली एकच गोष्ट विकत आणता येत नाही. पिंप परदेशातून येतं, हॉप्स येतात, माल्ट राजस्थानातून येतं. फुलोरा आणि त्यावर येणारी माशी मात्र जागेवरच असावी लागते. दिवे घाटाच्या उतारावर धायटी तोडून मुरूम काढला, सज्जाखालचं आग्याचं पोळं जाळलं, बांधावरचं जांभूळ गेलं, की चवीतलं एकेक अक्षर पुसलं जातं. आणि ते नुसतं बिअरमधून जात नाही, आंब्याच्या मोहोरातून, कांद्याच्या बियाण्यातून, दशमूलारिष्टाच्या बाटलीतूनही जातं. पुण्यातल्या ब्रुअरांनी, वैद्यांनी आणि मधपाळांनी एकत्र येऊन उतारावरची धायटी आणि झाडावरचं पोळं राखलं, तर इथली एल एक दिवस नक्की होईल. आणि ती होवो न होवो, झुडूप आणि पोळं राखण्यासारखी आहेतच.